साक्षीदारांना वगळून चाललेला खटला

भाषांतरित कादंबऱ्यांतून, आणि त्याहून अधिक मोबाइलच्या पडद्यावर पाहिल्या जाणाऱ्या मालिकांतून, गुन्हेगारी कथेचा एक ठरावीक नायक मराठी वाचकापुढे पुन्हा पुन्हा येतो: तो सुसंस्कृत असतो, बोलण्यात चतुर असतो, त्याला संगीताची आणि उंची खाण्यापिण्याची जाण असते, आणि माणूस मारताना त्याचा हात थरथरत नाही. या नायकाच्या समर्थनार्थ केले जाणारे युक्तिवाद आता इतके रूढ झाले आहेत की ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला भासत नाही. हा नायक वाचकाच्या दडपलेल्या इच्छांना वाट करून देतो, म्हणून त्याचे वाचन निरुपद्रवी, किंबहुना आरोग्यदायी असते, असे सांगितले जाते. दुष्टपणाच्या अंतरंगात शिरण्याचे धाडस हेच साहित्य करते, असेही सांगितले जाते. आणि या आकर्षणाविषयी जो शंका घेईल तो साहित्यात नीतिपाठ शोधणारा जुनाट वाचक ठरवला जातो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की हे सगळे युक्तिवाद एका साध्या वस्तुस्थितीकडे पाठ फिरवून उभे आहेत. मोहकपणा हे या पात्राच्या गुन्ह्याचे हत्यार असते, आणि ते ज्याच्यावर चालले त्या माणसाला कथेबाहेर ठेवल्याखेरीज वाचकाला त्या हत्याराचे कौतुक निर्धास्तपणे करता येत नाही. त्यामुळे या आकर्षणाचे कारण नायकाच्या स्वभावात शोधण्याआधी लेखकाने कोणाला गप्प बसवले आहे ते पाहणे आवश्यक ठरते.

प्रथम संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत, कारण समर्थकांचा बराचसा युक्तिवाद त्यांच्या सरमिसळीवर चालतो. संस्कृत नाट्यशास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू. धनंजयाच्या 'दशरूपका'त तो लोभी, उद्धत, हट्टी, पापाचरणी आणि व्यसनी असा वर्णिला आहे. आधुनिक समीक्षेत ज्याला अँटिहिरो किंवा अनायक म्हणतात तो मात्र कथेचा केंद्रबिंदूच असतो, फक्त नायकाकडून अपेक्षित असलेले शौर्य, यश, आदर्श यांपैकी काहीही त्याच्याजवळ नसते. खानदेशाने मराठीला दिलेला सर्वांत मोठा अनायक म्हणजे मूळचे सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर: शिक्षणात अयशस्वी, बापाच्या पैशाची उधळपट्टी करणारा, कशातच मन न लागणारा, आणि तरीही धाकट्या बहिणीच्या मृत्यूने मुळापासून हादरून जाणारा. ज्याला सोशिओपॅथ म्हटले जाते त्याच्याजवळ नेमके हे हादरणे नसते. ही संज्ञा आजच्या वैद्यकीय निदानात वापरली जात नाही, तिथे समाजविरोधी व्यक्तिमत्त्वविकार असा शब्दप्रयोग आहे. परंतु हर्वी क्लेक्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४१ मध्ये, आणि पुढे रॉबर्ट हेअर या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने, मनोविकृत व्यक्तिमत्त्वाचे जे चित्र रेखाटले तेच कथाकारांनी उचलले. हेअर यांच्या मापनसूचीत वीस लक्षणे आहेत, प्रत्येकाला शून्य ते दोन असे गुण दिले जातात आणि एकूण चाळीस होतात. या सूचीतले पहिलेच लक्षण वरवरचा मोहकपणा आणि बोलघेवडेपणा हे आहे. सराईत खोटेपणा, दुसऱ्याला वापरून घेणे, पश्चात्तापाचा अभाव आणि भावनांचा उथळपणा ही लक्षणेही त्याच सूचीत आहेत. कथेच्या जाहिरातीत जो गुण म्हणून मिरवतो तो वैद्यकात आजाराच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे, आणि त्याच्या मागे कोणतेही गूढ, गहन अंतरंग नसून भावनेचे दारिद्र्य आहे, हे या शास्त्राचे सांगणे समर्थकांनी क्वचितच मनावर घेतलेले दिसते.

समर्थकांचा सर्वांत लोकप्रिय दावा परंपरेचा आहे. लोकांना बंडखोर, दरोडेखोर, कायदा झुगारणारा माणूस नेहमीच आवडत आला, तेव्हा आजच्या मोहक खुन्याचे आकर्षण हे त्याच जुन्या आवडीचे नवे रूप आहे, असे ते मांडतात. हा दावा खानदेशात तरी टिकणार नाही. १८५७-५८ मध्ये सातपुड्यातील भिल्लांचे नेतृत्व करणाऱ्या खाज्या नाईकांना इंग्रज लुटारू मानत, आणि १८५८ च्या आंबापाणीच्या लढाईची आठवण सातपुड्याच्या दोन्ही अंगांना आदराने जपली जाते. पण ती आठवण ज्यांनी जपली त्यांच्याच बाजूने तो माणूस लढला होता. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी ज्याला सामाजिक दरोडेखोर म्हटले, म्हणजे सत्तेच्या लेखी गुन्हेगार परंतु आपल्या लोकांच्या लेखी कैवारी, त्या प्रकारातले हे नायकत्व आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि गावोगावच्या वाचनालयांत त्यांची पुस्तके पाने सुटेपर्यंत फिरली. त्यांचा काळा पहाडही कायद्याबाहेर असला तरी दुबळ्यांच्या बाजूने उभा राहतो. या नायकांच्या मागे एक समूह असतो, त्यांचा कोणाशी तरी ऋणानुबंध असतो, आणि तो तुटला की त्यांचे नायकत्वही संपते. सोशिओपॅथ नायकाला कोणाचेही ऋण नाही, आणि हेच त्याचे वैशिष्ट्य म्हणून विकले जाते. या दोघांना एका परंपरेत बसवणे ही ढोबळ चूक आहे, आणि ती अजाणतेपणी होत असेल असे मानणे कठीण आहे, कारण तिच्यामुळे एका क्रूर पात्राला परंपरेची प्रतिष्ठा आयती मिळते.

मोहक चोराचे चित्र आपल्या परंपरेत नाही असे मात्र कोणी समजू नये. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक हा भारतीय साहित्यातील बहुधा सर्वांत आकर्षक चोर आहे. चारुदत्ताच्या घराला खिंडार पाडण्यापूर्वी तो चौर्यशास्त्राचा विचार करतो, भगदाड कमळासारखे असावे की सूर्यासारखे, चंद्रकोरीसारखे की भरल्या कुंभासारखे याचा कलावंताच्या तन्मयतेने निर्णय घेतो, आणि मापाची दोरी विसरल्यावर जानव्याने माप घेतो. हा प्रसंग वाचताना कोणालाही हसू येईल आणि यावेच. परंतु नाटककार तिथे थांबत नाही. शर्विलकाने ज्या मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी ही चोरी केली, तिला दागिने दाखवताच तिच्या मनात पहिली शंका येते ती त्या घरातल्या माणसांची: कोणाला मारले तर नाही ना, कोणी जखमी तर झाले नाही ना. चोरीचे कौशल्य, जानवे, कुंभाच्या आकाराचे भगदाड या सगळ्याचे मोल तिच्या या प्रश्नापुढे शून्य होते, आणि तिच्याच सांगण्यावरून तो दागिने परत करण्यास निघतो. जिच्यावर प्रेम केले तिच्याच तोंडून शूद्रकाने त्याला जाब विचारला आहे. आजच्या मोहक खुन्याच्या कथेत मदनिकेची जागा रिकामी असते, किंवा त्या जागी अशी एखादी स्त्री बसवलेली असते जी जाणूनबुजून काहीच विचारत नाही.

दडपलेल्या इच्छांना वाट मिळते, या विरेचनाच्या युक्तिवादाचाही इथेच निकाल लागतो. अॅरिस्टॉटलने शोकांतिकेतील विरेचन सांगितले ते करुणा आणि भय या दोन भावनांच्या आधारे, आणि करुणा वाटण्यासाठी दुःख भोगणारा माणूस रंगमंचावर दिसावा लागतो. भारतीय काव्यशास्त्रात याहून नेमकी संकल्पना आहे. भाव जिथे अनुचित ठिकाणी, समोरच्याच्या प्रतिसादाशिवाय व्यक्त होतो तिथे रस निर्माण न होता रसाभास होतो, असे शास्त्रकार मानतात, आणि रावणाचे सीतेवरील प्रेम हे अभिनवगुप्ताने त्याचे उदाहरण म्हणून घेतले आहे: रावणाचे शब्द शृंगाराचे असले तरी सीतेच्या बाजूने पाहणाऱ्याला त्यात शृंगार सापडत नाही. येथे सीतेची बाजू ही सौंदर्यशास्त्राचीच अट झाली आहे. ज्या समीक्षकांना बळीचा विचार म्हणजे कलेवर लादलेली नीती वाटते त्यांनी हजार वर्षांपूर्वीच्या या काश्मिरी आचार्याकडे जरूर पाहावे.

मराठी रंगभूमीवर या सबंध वादाचा निवाडा एका नाटकाने फार पूर्वी करून ठेवला आहे. १९६२ मध्ये रंगमंचावर आलेले आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' हे प्रत्यक्षात घडलेल्या फसवणुकीच्या एका खटल्यावरून सुचलेले नाटक, आणि त्याचा केंद्रबिंदू असलेला निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे हा मराठीतला परिपूर्ण मोहक समाजकंटक. कुठे दिवाकर दातार, कुठे कॅप्टन अशोक परांजपे, कुठे राधेश्याम महाराज अशी रूपे घेऊन तो स्त्रियांशी लग्ने करतो, कुटुंबांना लुबाडतो, आणि कोर्टात उभा राहून स्वतःचा बचाव स्वतःच करतो. प्रभाकर पणशीकरांनी ही भूमिका हजारो प्रयोगांत केली; वेशांतराची चपळाई, भाषेचे बदलते हेल आणि फिरत्या रंगमंचाचे नावीन्य यांनी तीन पिढ्यांचे प्रेक्षक भारावून गेले. वरवर पाहता हे उदाहरण समर्थकांच्या पथ्यावर पडणारे आहे, कारण लखोबावर प्रेक्षक लुब्ध झाले यात वाद नाही.

परंतु अत्र्यांनी या माणसाला कुठे उभे केले ते पाहिले पाहिजे. नाटक सुरू होते ते आरोपीच्या पिंजऱ्यातून, आणि पुढे सरकते ते साक्षीदारांच्या पिंजऱ्यातून. लखोबाचे प्रत्येक मोहक रूप प्रेक्षकाला दिसते ते कोणातरी फसलेल्या माणसाच्या साक्षीतून. रंगमंच फिरतो, लग्नाचा किंवा ओळखीचा प्रसंग उलगडतो, प्रेक्षक त्या रूपाला हसून दाद देतो, आणि रंगमंच पुन्हा फिरून कोर्टात येतो तेव्हा ज्या बाईचे आयुष्य त्या हशाच्या खाली चिरडले गेले ती समोर उभी असते. मोहकपणा आणि त्याची किंमत यांच्यामध्ये अत्र्यांनी एका फिरत्या फळीइतकेही अंतर ठेवले नाही. लखोबा साक्षीदारांची उलटतपासणी घेतो तेव्हा तर त्याच्या वाक्चातुर्याचे स्वरूप उघडेच पडते, कारण ज्या जिभेने त्याने त्यांना वश केले तीच जीभ आता त्यांना खोटे ठरवण्यासाठी चाललेली असते. प्रेक्षक हसतो, पण त्या हसण्याची त्याला लाज वाटेल अशी रचना नाटकात आहे. काही प्रेक्षक केवळ हसूनच घरी गेले असतील हे मान्य केले पाहिजे. अभिनयाची झळाळी इतकी असते की रचनेचा अर्थ तिच्याखाली झाकला जातो, आणि हा धोका अत्र्यांनाही पूर्णपणे टाळता आला असे म्हणता येत नाही. तरीही साक्षीदारांना बोलू देणारे नाटक आणि त्यांना वगळणारी मालिका यांतला फरक प्रेक्षकाच्या उणिवेमुळे पुसला जात नाही.

निर्दयतेखेरीज आकर्षण निर्माण होत नाही, हा समज तर मराठी प्रेक्षकानेच खोटा पाडला आहे. वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले' (१९६६) या नाटकात डॉ. काशिनाथ घाणेकरांनी रंगवलेल्या लाल्याला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले, आणि तो उडाणटप्पू, मस्तवाल, शिस्त मोडणारा असला तरी आपल्या गुरूवर जीव टाकणारा होता.

आता प्रश्न उरतो तो प्रत्यक्ष आयुष्याचा, आणि तो खानदेशातल्या भडगाव, पाचोरा, चाळीसगावच्या वाचकासाठी परका नाही. १९९४ मध्ये जळगाव शहरात एक प्रकरण उघडकीस आले, ज्यात तरुणी आणि स्त्रियांना ओळखीच्या, नोकरीच्या किंवा प्रेमाच्या आमिषाने जाळ्यात ओढून, त्यांची छायाचित्रे काढून आणि त्या छायाचित्रांच्या धाकाने त्यांचे पुन्हा पुन्हा शोषण केल्याचा आरोप होता. तपास राज्य पातळीवर हाती घेतला गेला. अरविंद इनामदार आणि मीरां चढ्ढा बोरवणकर या पोलीस अधिकाऱ्यांची नावे त्या तपासाशी जोडलेली आहेत. त्या तपासापुढची सर्वांत मोठी अडचण सर्वश्रुत होती: तक्रार देण्यास स्त्रिया पुढे येत नव्हत्या. बदनामीचे भय, घरच्यांचा दबाव, लग्न मोडण्याची किंवा न जुळण्याची धास्ती यांनी त्यांची तोंडे बंद केली, आणि पुढे अनेक आरोपी पुराव्याअभावी सुटले. कायद्याच्या दृष्टीने जे सिद्ध झाले नाही ते कोणा व्यक्तीवर लादण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु त्या प्रकरणाने खानदेशाला एक गोष्ट शिकवली ती कोणत्याही न्यायनिवाड्यावर अवलंबून नाही: गोड बोलणाऱ्या माणसाची खरी ताकद त्याच्या बोलण्यात जितकी असते त्याहून जास्त समोरच्या व्यक्तीला नंतर बोलता येणार नाही या खात्रीत असते. ज्या शहरात साक्षीदाराचा पिंजरा भयाने रिकामा राहिला, तिथल्या वाचकाला साक्षीदारच नसलेली कथा मुक्तीची कथा म्हणून विकली जाते, हे संतापजनक आहे.

याच कारणाने दुष्टपणाच्या अंतरंगात शिरण्याच्या धाडसाचा दावाही तपासून घ्यावा लागतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा माणसांचे खून झाले. खून करणारे चौघे कलाशिक्षण घेणारे विद्यार्थी होते आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात त्यांना फाशी देण्यात आली. त्यांच्यापैकी एकाची कबुली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, आणि त्यांची नावे आजही अनेक मराठी घरांत माहीत असतात. त्यांनी मारलेल्यांमध्ये काशीनाथशास्त्री अभ्यंकर होते, ज्यांनी संस्कृत व्याकरणाचा कोश सिद्ध केला आणि ज्यांचे उभे आयुष्य पाणिनी-पतंजलींच्या परंपरेच्या अभ्यासात गेले. ऐंशी ओलांडलेला तो पंडित आणि गळ्याभोवती नायलॉनची दोरी आवळणारे ते तरुण यांच्यापैकी अंतरंग कोणाचे समृद्ध होते, याचे उत्तर द्यायला मानसशास्त्राची गरज नाही. तरीही कुतूहल खुन्यांच्या वाट्याला आले आणि कोश ग्रंथालयाच्या कपाटात राहिला. चार्ल्स शोभराजच्या बाबतीत तर हे अधिक उघडपणे घडले. मार्च १९८६ मध्ये पहारेकऱ्यांना गुंगीचे पदार्थ खाऊ घालून तो तिहारमधून पळाला, आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या एका हॉटेलात पकडले. झेंडे यांनी १९७१ मध्येही त्याला पकडले होते. त्याच्यावर पुस्तके, चित्रपट, मालिका निघाल्या, आणि ज्या हॉटेलात तो सापडला तिथे त्याचा पुतळा बसवला गेला. त्याने मारलेल्या तरुण प्रवाशांपैकी एकाचे तरी नाव किती वाचकांना सांगता येईल? दुष्टपणाचे आकलन हा हेतू असता तर कुतूहल असे एकाच दिशेने वाहत गेले नसते.

या प्रतिवादाचा अर्थ असे साहित्य बंद करावे असा कोणी काढू नये. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल याला आपला मेहुणा हॉर्नंग याने निर्माण केलेला रॅफल्स हा सभ्य चोर धोकादायक वाटला, कारण गुन्हेगाराला नायक करू नये असे त्याचे मत होते. ते मत या लेखाला मान्य नाही. गुन्हेगार नायक होऊ शकतो, आणि त्याच्यावर थोर कादंबरीही होऊ शकते. पॅट्रिशिया हायस्मिथच्या १९५५ च्या कादंबरीतील टॉम रिप्ली हे त्याचे उदाहरण आहे. वाचक रिप्लीच्या इतका निकट असतो की तो पकडला जाऊ नये असे त्याला वाटू लागते. पण हायस्मिथने मारल्या गेलेल्या डिकी ग्रीनलीफची मैत्रीण आणि त्याचा बाप या दोघांना कथेतून हलू दिलेले नाही. मुलाच्या शोधात इटलीपर्यंत आलेला तो बाप रिप्लीशी विश्वासाने बोलतो तेव्हा वाचकाला आपण कोणाच्या बाजूने उभे आहोत हे कळते आणि ते कळणे सुखाचे नसते. तिच्या अनुकरणातून निघालेल्या कथांनी रिप्लीची रसिकता, घर, चित्रे, वाद्ये एवढे उचलले आणि तो बाप टाकून दिला. आज ज्या आकर्षणाचे गोडवे गायले जातात ते या टाकलेल्या भागावर उभे आहे.

म्हणून खानदेशात आणि खानदेशाबाहेर गुन्हेगारी कथा लिहिणाऱ्या तरुण लेखकांना एकच आग्रहाची विनंती करावीशी वाटते. मोहक गुन्हेगार अवश्य लिहावा, त्याचे बोलणे जितके गोड करता येईल तितके करावे, वाचकाला फसू द्यावे. मात्र त्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवून जळगावची जी मुलगी घराबाहेर पडली आणि नंतर कोर्टात उभी राहू शकली नाही, तिला निदान कादंबरीत साक्ष देऊ द्यावी.